मारुती ८०० घरच्या घरी: थांबणं, वळणं, थंड राहणं, पळणं आणि मग नटणं

दहाबाराचा पाना (कोल्हापूर)

माझ्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळायला कॉम्प्युटर नाही, साधं यंत्र), चार गिअरची, एसी नसलेली. दुसऱ्या एका धाग्यावर तिचा उल्लेख केल्यापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत: जुनी गाडी घेऊन घरीच काम करायचं तर सुरुवात कुठून करायची, कुठलं काम स्वतः करायचं आणि कुठलं गॅरेजला द्यायचं? एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जुनी गाडी कुरकुरायला लागली की पहिला संशय इंजिनावर जातो, आणि बहुतेक वेळा ते निर्दोष असतं. खरे दोषी तीन: रबर, अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन आणि बॉडीला जोडणारी पट्टी) आणि गंज.

८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन साधं आणि सोशिक. पहिली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. ओम्नी तर २०१९ पर्यंत निघत होती आणि तिच्यातही हेच इंजिन. त्यामुळे पार्ट अजून मिळतात आणि हे इंजिन उघडता येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. पण पंचवीस वर्षं उन्हातेलात भाजलेला होजपाईप कुठलाच मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही. तो बदलावाच लागतो.

म्हणून कामाचा क्रम: आधी गाडी नीट थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग पळायचं बघायचं. नटवायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हा क्रम बरोबर उलटा लावतात. गाडी दारात आल्याबरोबर सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिम बसते आणि ब्रेक ऑइल मात्र काळ्या चहासारखं तसंच राहतं.

थांबणं. मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम उतरवला की व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या दिसतात. बारीक स्क्रूड्रायव्हरने टोपीची कड अलगद उचलून आत बघा. कोरडं असेल तर ठीक. ओल दिसली तर आतली वॉशरं गेलेली आहेत. ब्रेक ऑइल अजून शूवर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर) आलेलं नसेल, पण येणार हे नक्की, आणि ते आलं की गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. तिथे नुसतं रबरी किट टाकायचं की अख्खा सिलिंडर, हे आतल्या भिंतीवर बोट फिरवून ठरवा. खड्डे लागले तर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. ड्रमला कड आली असेल तर लेथवर घासून घेता येते. आमच्या उद्यमनगरात हे काम हातासरशी होतं. मात्र ड्रमवर ठोकलेल्या कमाल व्यासाच्या पुढे गेलेला ड्रम घासू नये, तो भंगारात टाकावा.

दोन गोष्टी इथे सांभाळायच्या. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणजे गाडी मोकळी असते. त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, आणि गाडी जॅकवर नाही, जॅकस्टँडवर (गाडीखाली ठेवायच्या लोखंडी टेकूवर). गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. दुसरं म्हणजे ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

पुढे डिस्क आहे. तिथे लोक पॅड बदलतात आणि रबरी ब्रेक होस तसाच ठेवतात. हा होस बाहेरून चांगला दिसतो पण आतून सुजतो. पाय दिला की ऑइल पुढे जातं, पाय काढला की परत येत नाही. चाक घासत राहतं, तापतं आणि ॲव्हरेज पडतं. "गाडी ओढत नाही, इंजिन गेलंय" अशी तक्रार असलेल्या गाडीची चाकं एकदा उचलून हाताने फिरवून बघावीत.

वळणं. पुढच्या चाकांचे सांधे आणि रबरं तपासा: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, शॉकअपच्या वरचं रबर. पुढचं चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खडखड आली तर बहुतेक टायरॉड एंड. बारा आणि सहाच्या जागी हलली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. टायरवरची नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

थंड राहणं. मला सगळ्यात चीड आणणारी सवय म्हणजे गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून फेकणं. माझ्या गाडीतलाही आधीच्या कुठल्यातरी गॅरेजने काढलेलाच होता. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर बिघडतं आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. मूळ दुखणं बहुधा यांपैकी एक असतं: क्षाराने बुजलेला रेडिएटर, पंख्याचा मेलेला स्विच, दाब न धरणारं झाकण किंवा मऊ पडून आत ओढला जाणारा होजपाईप. बोअरचं पाणी अजिबात घालू नका. ॲल्युमिनियमचं हेड त्याने आतून खाल्लं जातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आणि गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

टायमिंग बेल्ट हेसुद्धा रबरच. आधीच्या मालकाकडे तो बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा, आणि त्याच वेळी वॉटर पंप बघून घ्या, कारण तिथपर्यंत पोचायची मेहनत एकच आहे.

पळणं. सेल्फ जड फिरतो, हेडलाइट पिवळे पडतात, इंडिकेटर लावला की मीटरचा काटा नाचतो. या तिन्हींवर लोक नवी बॅटरी घेतात. त्याआधी मल्टिमीटर घ्या. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त आला तर तेवढा विजेचा दाब अर्थच्या पट्टीत वाया जातोय. पट्टी सोडून टोकं सॅंडपेपरने चकाकेपर्यंत घासायची, बॉडीवरचा रंग आणि गंज तिथल्यापुरता खरवडायचा, घट्ट आवळायची आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर बॅटरी आणि डायनामो दोन्ही बरे आहेत.

त्यानंतर प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, टॅपेट सेटिंग. एवढं सगळं झाल्यावरच कार्ब्युरेटरला हात लावायचा.

नटवण्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

सायलेंट_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). असं सविस्तर मराठीत कुठे वाचायला मिळत नाही. क्रम तर पाठच करून ठेवतो.

कुडाळचो

कोकणातल्या लोकांसाठी तुमचा क्रम थोडा बदलावा लागेल. आमच्याकडे पहिला गंज. समुद्राजवळची गाडी घेणार असाल तर बोनेट उघडायच्या आधी पुढचे कार्पेट उचला. कार्पेटखाली डांबरी पॅड चिकटवलेले असतात, त्यांच्या खाली पाणी साचून पत्रा आतून चाळणी होतो आणि वरून काहीच कळत नाही. अंगठ्याने दाबून बघायचं. "कर्र" असा आवाज आला की समजायचं.

दुसऱ्या जागा: बॅटरीच्या ट्रेखाली, वायपरच्या खालची पन्हळ जिथे पालापाचोळा अडकतो, दाराखालचा पट्टा आणि मागच्या चाकाची कमान. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडतं. पावसाळ्याआधी वायर घालून मोकळी करा, काम दोन मिनिटांचं आहे.

दहाबाराचा पाना

कुडाळचो, शंभर टक्के पटलं. देशावरच्या गाडीत गंज तिसरा, किनाऱ्यावरच्या गाडीत पहिला. तुम्ही उपचार काय करता तेही लिहा ना.

कुडाळचो

वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने मोकळा करायचा, फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावायचं, सुकलं की इपॉक्सी प्रायमर, मग रंग. दाराखालच्या पोकळ पट्ट्यात आतून मेण किंवा ऑइलचा फवारा. आरपार भोक पडलं असेल तर मात्र तुकडा कापून वेल्डिंगच. भोकावर फायबर आणि पुटीन थापून वरून काळं अंडरकोटिंग मारणारे खूप आहेत. ते अंडरकोटिंग पाणी आतच कोंडून ठेवतं आणि पुढच्या पावसाळ्यात भोक दुप्पट होतं.

वेल्डिंग घरी करू नका. टाकी मागे आहे, पेट्रोलची पाइप खालून जाते, आणि डांबरी पॅड पेट घेतात.

गॅरेजवाला_सांगली

माझं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून थोडं खटकलेलं बोलतो. लेख चांगला आहे, पण ब्रेकचं काम नवशिक्याने घरी करावं हे मला मान्य नाही. कार्ब्युरेटर बिघडला तर गाडी बंद पडेल, ब्रेक चुकला तर समोरचा माणूस जाईल. आमच्याकडे "यूट्यूबवर बघून शू टाकले" अशा गाड्या येतात. स्प्रिंग उलटी, ॲडजस्टर डावीउजवीकडे अदलाबदल, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढलेली नाही.

दहाबाराचा पाना

सांगलीकर, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि गंभीर आहे. माझा भर तपासणीवर होता: टोपी उचलून ओल बघणं, होस बघणं, ऑइलचा रंग बघणं. हे प्रत्येक मालकाला यायलाच हवं. पार्ट बदलायचे तर पहिल्या वेळी जाणकार शेजारी बसवूनच. आणि ज्याला गॅरेजमध्ये द्यायचंय त्याने तरी स्वतः बघून काय बदलायचं ते सांगावं. तुमच्यासारखे लोक काम उघडून दाखवतात, सगळेच दाखवत नाहीत.

गॅरेजवाला_सांगली

हे असेल तर हरकत नाही. मग चार गोष्टी माझ्याकडून घ्या. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा आणि ब्रेक ऑइलची डबी कधी रिकामी होऊ देऊ नका. काम झाल्यावर गाडी जागेवरच सुरू करून पेडल दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून अर्धवट वापरलेली जुनी बाटली पुन्हा वापरू नका. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

गोदाकाठची

मी नाशिकची. आमच्याकडे २००३ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी) ८०० आहे, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली, आता मी चालवते. सिग्नलला थांबलं की बंद पडते, पुन्हा लगेच सुरू होते. गॅरेजमध्ये "सेन्सर गेलाय, सगळे बदलावे लागतील" म्हणाले. मला घरी काय बघता येईल? हत्यारं फारशी नाहीत. पाने आणि एक मल्टिमीटर आहे.

दहाबाराचा पाना

ताई, "सगळे सेन्सर" हे निदान नाही, त्यावर खर्च करू नका. या क्रमाने बघा.

१. बॅटरीची टोकं आणि अर्थ, वर लिहिलंय तसं. इंजिनाच्या कॉम्प्युटरला विजेचा दाब कमी मिळाला तर सेन्सर निष्पाप असूनही चुकीचा आकडा देतो.

२. इंजिन चालू ठेवून इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावरून) निघणारे सगळे लहान रबरी पाइप कान देऊन ऐका. सूं असा आवाज येतोय का? टॅपेट कव्हरपासून येणारा श्वासाचा पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप विशेष करून. वाकतो तिथे खालच्या बाजूला चीर असते, वरून दिसत नाही. पंखा आणि बेल्टपासून ओढणी, केस लांब ठेवा.

३. इंजिन बंद आणि गार असताना थ्रॉटल बॉडीचा (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा) हवेचा पाइप काढून आतली काजळी थ्रॉटल क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) कमी होण्याचं हे फार साधं कारण आहे.

एवढ्यानेही फरक पडला नाही तर फॉल्ट कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे आकडे) वाचून घ्या. कोड न वाचता सेन्सर बदलणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

इथेनॉलग्रस्त

कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं ई२० पेट्रोलवर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) कसं होणार, यावर कुणी लिहा. माझ्या गाडीचा पेट्रोलचा पाइप चिकट झालाय आणि बोनेट उघडलं की वास येतो.

दहाबाराचा पाना

आधी हे: वास येत असेल तर गाडी आजच उभी करा. पाइप बदलल्याशिवाय सेल्फसुद्धा मारू नका. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं की गाडी जळते, यात अतिशयोक्ती नाही.

आता मूळ प्रश्न. आमच्या भागात उसाच्या कारखान्यांवर हजारो घरं चालतात, त्यामुळे इथेनॉलशी माझं वैर नाही. पण १९९८च्या गाडीचं रबर या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही हे मान्य करून तयारी करावी लागते. जुने नायट्राइल रबरचे पाइप इथेनॉलने फुगतात, मऊ होतात किंवा भेगाळतात. दुकानात "पेट्रोल पाइप द्या" म्हटलं की काहीही हातात पडतं. पाइपवरचा छापलेला शिक्का वाचा. एसएई जे३० आर९ असं लिहिलेलं असेल तर आतलं अस्तर फ्लुओरो रबरचं असतं आणि ते इथेनॉलला टिकतं. टाकीकडून येणारा, परत जाणारा आणि वाफेचा, तिन्ही बदला. क्लिपा पण नवीन.

मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा रबरचाच. तो फुटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये जाऊ शकतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का, हे अधूनमधून बघायची सवय लावा.

इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, म्हणून पेट्रोल फिल्टर सुरुवातीला लवकर बुजतो. गाडी अडखळली की आधी फिल्टर. आणि इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोल महिनोन्‌महिने साचू देऊ नका, मधूनमधून चालवा.

गॅरेजवाला_सांगली

यात एक भर. कार्ब्युरेटरला ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं तरी तो मिश्रण आपोआप बदलत नाही. गाडी थोडी कोरडी (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते: सकाळी चोक जास्त लागतो, पिकअपला झटका बसतो. मिक्स्चर स्क्रूने आयडलचं सुधारता येतं, वरच्या वेगाचं जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर) अवलंबून. आणि ॲव्हरेज थोडं पडणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. गिऱ्हाईक म्हणतं ट्युनिंग बिघडवलंत. ट्युनिंगचा त्यात दोष नसतो.

इथेनॉलग्रस्त

दोघांचे आभार. गाडी उभी केली आहे, पाइप मागवतो. कार्ब्युरेटर घरी साफ करू का?

दहाबाराचा पाना

बाहेरून फवारा मारून साफ होत नाही. उतरवून वरचं झाकण उघडा. फ्लोटची वाटी, सुई आणि जेट बघायचे. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कधीच जमत नाही. क्लीनर आणि हवा, बस. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येतो. पॅकिंगचं किट आधी हातात घ्या, मगच उघडा. जुनं पॅकिंग हमखास फाटतं.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत गाडीची सक्तीची तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते. त्या माणसाकडे बारीक हातोडी आणि टोच्या असतो. खाली वाकून तो गाडीचा कणा असलेल्या पत्र्यावर टकटक करत जातो, आणि भार घेणाऱ्या जागी गंज आरपार असेल तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी गाडी नापास. माझी जुनी गोल्फ याच कारणाने पहिल्या फेरीत परत आली होती. तुमच्या क्रमात ब्रेक, स्टिअरिंग आणि गंज वर आहेत, ते वाचून तो माणूस आठवला. भारतात फिटनेसला हल्ली काय बघतात?

दहाबाराचा पाना

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, तो मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत भरायचा. गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न, टायर, नंबरप्लेट, चासी नंबर बघतात. चासी नंबरवरचा गंज आणि ग्रीस आधी अलगद साफ करून ठेवा, पण तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. नंबर पुसट झाला तर गाडीवरच संशय येतो.

एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली गेली. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर आहेच. गाडी घेताना किमतीत हे धरा. दिल्लीसारखी पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी इथे नाही, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. घ्यायची तर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते.

पीयूसीला माझ्या वयाच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) गाड्यांना ०.५ टक्के. त्यामुळे एमपीएफआयवाल्यांनी "जुनी आहे, चालतंय" असं म्हणून सोडू नये.

नवा_गडी

माझा प्रश्न शेवटच्या पायरीचा. गाडी नीट चालते. आता मला हेडलाइट चांगले करायचेत, एलईडी बल्ब टाकू का? आणि तेरा इंची अलॉय व्हील बसतील का?

दहाबाराचा पाना

हेडलाइटचं अपग्रेड मला मनापासून आवडतं, कारण ते अर्धं दुरुस्तीच आहे. जुन्या ८००मध्ये हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरीतून स्विचपर्यंत जाऊन परत येतो. बल्बच्या टोकावर मल्टिमीटर लावून बघा, बॅटरीपेक्षा एकदीड व्होल्ट कमी दिसेल. हॅलोजनला दाब दहा टक्के कमी मिळाला की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो.

उपाय म्हणजे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणारे स्विच), एक लोसाठी आणि एक हायसाठी. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बकडे, जुना स्विच फक्त रिले उचलायला. वायर २.५ स्क्वेअर एमएमची. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी आग लागण्याआधी तो उडेल. बल्ब साधेच ठेवा, ६०/५५ वॉटचे. १०० वॉटच्या बल्बने होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

एलईडी नको म्हणेन. ८००च्या दिव्याचा आरसा तारेच्या जागेवर हिशोब करून घडवलाय. एलईडी चिप त्या जागी नसते, त्यामुळे प्रकाश इतस्ततः फुटतो. स्वतःला पांढरा लखलखाट दिसतो, रस्त्यावर लांब काही पडत नाही आणि समोरच्या दुचाकीवाल्याला खड्डा दिसत नाही.

चाकांचं: मूळ १४५/७० आर१२. तेरा इंची बसवणारे आहेत, पण पॉवर स्टिअरिंग नसल्याने पार्किंगमध्ये हात भरून येतात, स्पीडोमीटर चुकतो आणि पूर्ण वळणावर कमानीला घासतं. त्याच पैशात चार चांगले बारा इंची टायर आणि नवे शॉकअप घ्या, गाडी वेगळीच वाटेल. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं तर पूर्णच टाळा.

गॅरेजवाला_सांगली

रिलेचं शंभर टक्के. म्युझिक सिस्टिमलाही हाच नियम. आमच्याकडे जळालेल्या वायरिंगच्या गाड्या येतात त्यात बऱ्याचदा बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची किंवा हॉर्नची वायर नुसती पिळून, वर साधी टेप गुंडाळून जोडलेली असते. क्रिम्प करा किंवा डाक द्या (सोल्डर करा), वर श्रिंक ट्यूब घाला, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट टाका. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी काढायचं, शेवटी लावायचं.

आणि पुढे लोखंडी गार्ड लावू नका, २०१७च्या अखेरीस केंद्राने त्यांवर बंदी आणली आहे.

सायलेंट_वाचक

अवांतर: सीटबेल्टबद्दल कुणीच लिहिलं नाही. पंचवीस वर्षांचा पट्टा कसा तपासायचा?

दहाबाराचा पाना

अवांतर अजिबात नाही, मीच घ्यायला हवं होतं. पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. कडेचे धागे सुटलेत का, उन्हाने कडक झालाय का ते बघा. झटका दिल्यावर अडकला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून आत गेला पाहिजे. खाली जिथे बोल्ट आहे तिथला पत्रा गंजला असेल तर पट्टा नवा असून उपयोग नाही, पुन्हा कुडाळचो यांचा अंगठा तिथेही लावायचा. मागच्या सीटला पट्टे असतील तर ते बऱ्याचदा सीटखाली गाडलेले असतात, ते बाहेर काढून वापरात आणा. माझ्या मते अपग्रेडमध्ये सगळ्यात मोलाचं हेच, आणि त्याला जवळपास काही खर्च नाही.

गोदाकाठची

कळवते. श्वासाच्या पाइपला खालच्या वळणावर बोटभर चीर होती. पाइप बदलला, थ्रॉटल बॉडी पुसली. अर्थची पट्टीही काळी पडली होती, ती घासून लावली. आता सिग्नलला एकसारखी चालते. सेन्सर एकही बदलला नाही. सासरे स्वतः बोनेटपाशी उभे राहून टॉर्च धरत होते, फार खूश आहेत. आता मागच्या ड्रमची तपासणी करायची आहे, पण आमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे. तिथे चालेल का?

दहाबाराचा पाना

फार छान झालं ताई! उतारावर मात्र नको. हँडब्रेक सोडून काम करायचं असतं, ओंडक्याच्या भरवशावर उताराला गाडी उचलू नये. सपाट सिमेंटची किंवा फरशीची जागा बघा, मातीत किंवा पेव्हर ब्लॉकवर स्टँड रुततो. जागा मिळत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमध्ये त्यांच्याच स्टँडवर चाक उतरवायला सांगा आणि टोपी उचलून तुम्ही स्वतः बघा. ओल दिसली तर दोन्ही मागचे सिलिंडर एकदमच बदलून घ्या, एकच नको. फोटो काढून इथे टाका, सांगलीकर आणि मी बघतो.

गॅरेजवाला_सांगली

टाका ताई. शूची जाडीही त्याच फोटोत येऊ द्या, आणि ड्रमच्या आतली कड बोटाने बघून लागतेय का तेही लिहा.